पाचव्या तळ्याकाठची बाई

आई मार्चमध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात खोकल्याची उबळ थांबली की ती बोलायची, आणि बोलायला लागली की एकच धोशा लावायची.

"हेल्मी, त्या बाईशी मी दोन शब्द धड बोलले नाही गं. शिट्टी झाली आणि आपण पळत सुटलो. नावसुद्धा विचारलं नाही तिचं."

"तुला ताप होता तेव्हा, आई."

"ताप अंगाला होता. तोंडाला काय झालं होतं माझ्या?"

कोणती बाई, ते मला विचारावं लागलं नाही. १९४४च्या सप्टेंबरात लढाई थांबली आणि आमचं गाव सरहद्दीच्या पलीकडे, रशियात गेलं. फिनलंडात राहायचं तर गाव सोडायचं, एवढाच निरोप आला. बाबा त्याआधी जूनमध्येच आघाडीवर गेले होते, कायमचे. उरलो आम्ही तिघी: आई, अकरा वर्षांची मी आणि चार आठवड्यांची इर्या. थोडी वाट आगगाडीनं, थोडी पायी, आणि शेवटी ओंडके वाहून नेणाऱ्या एका पडावावर. त्यावर गाई, पेट्या, म्हाताऱ्या, कोंबड्या सगळं एकत्र कोंबलेलं. पुढे वाफेची बोट तो पडाव ओढत होती, एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

वाटेत आईला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. गाईचं दूध पाणी घालून पाजलं तर इर्या ते ओकून टाकायची. तिसऱ्या दिवशी तिचं रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. त्याच दिवशी बोटीचं इंजिन बंद पडलं आणि पडाव एका काठाला लागला. काठावर होडीची खोप होती, वर घर होतं. त्या घरातल्या बाईनं तीन दिवस इर्याला अंगावर पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं, शिट्टी वाजली, आम्ही निघालो.

पुढे सरकारनं आम्हाला लांबतळ्याच्या दक्षिण टोकाला जमीन दिली. जमीन म्हणजे दगड आणि झाडांची खोडं. ती उपसण्यात, घर उभं करण्यात, गाई वाढवण्यात सतरा वर्षं कुठं गेली कळलं नाही. दर हिवाळ्यात आई म्हणायची, "यंदा उन्हाळ्यात जाऊ." उन्हाळा आला की गवत कापायचं असायचं.

आईच्या मातीचं सगळं आटोपल्यावर मी तहवोमामाला म्हटलं, "मामा, यंदा जायचं."

तहवोमामा आईचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नाही, लढाई संपल्यापासून आमच्याकडेच राहायचा. तरुणपणी हातात आकडीची काठी घेऊन, वाहत्या ओंडक्यांवर उड्या मारत तो ते तळ्यातळ्यांतून हाकायचा. डाव्या हाताची दोन बोटं त्यातच गेली होती.

"जायचं कुठं पण?" तो म्हणाला. "नाव नाही, गाव नाही. 'तळ्याकाठी एक घर आहे,' एवढं सांगितलंस तर या देशात कुणीही बोट दाखवेल. दाही दिशांना."

"ते घर सुटल्यापासून आपल्या धक्क्यापर्यंत मी दोन तळ्यांमधल्या चार पाणवाटा मोजल्या होत्या. म्हणजे पाचवं तळं. घराच्या जवळच एक अरुंद पाणवाट होती आणि काठाला खोप होती. खोपीच्या खांबालाच पडाव बांधला होता."

"अकरा वर्षांच्या पोरीची मोजणी!" मामा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडीला डांबर फासताना दिसला.

इर्याला यायचं नव्हतं. तिला सतरावं चालू होतं, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि तोंडानं फटकळ.

"माझी एक आई होती," ती म्हणाली. "ती आता चर्चच्या मागे आहे. मला दुसरी शोधायची नाही."

"दुसरी आई कोण शोधतंय? आभार मानायचे आहेत."

"कशाचे? मला आठवतसुद्धा नाही. तुम्हाला मानायचे तर तुम्ही माना. मी जाऊन काय सांगू? 'नमस्कार, मी ते ओकणारं पोर'?"

शेवटी मामानंच तिला वळवलं. "ये गं," तो म्हणाला, "वल्ही मारायला कुणीतरी हवं. माझा खांदा गेला आणि तुझ्या ताईची नुसती जीभ चालते."

मध्य-उन्हाळ्याचा सण होऊन गेल्यावर आम्ही निघालो. होडीत कॉफीची किटली, काळा पाव, खारवलेले मासे, बटाटे, आणि मी पहाटे उठून भाजलेले पिरक्के, म्हणजे काळ्या पिठाची पातळ पारी आणि आत भाताची घट्ट खीर. आमच्या गावाकडचा प्रकार. रिकाम्या हातानं कसं जायचं? शिवाय कागदात गुंडाळलेला आईच्या हातचा पंचा होता. नव्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात तिनं तो लाल दोऱ्यानं भरला होता, दोन पक्षी आणि मधे झाड. कुणासाठी ते तिनं कधी सांगितलं नाही, पण कधी वापरलाही नाही.

आमच्याकडे तळ्यांना नावं देताना कुणी डोकं शिणवलेलं नाही. लांब आहे ते लांबतळं. त्याच्यापुढे दगडतळं, मग हंसतळं, मग काळतळं, आणि पाचवं बेटतळं. मामाकडे लढाईआधीचा एक नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. त्यात ही पाची तळी निळ्या मण्यांसारखी एकामागे एक ओवलेली दिसत.

लांबतळं ओळखीचं होतं. दगडतळ्यात मात्र आम्ही कधी शिरलो नव्हतो. पाण्याखाली इतके खडक की इर्या पुढे नाळेवर पालथी पडून ओरडत राहायची, "डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! मामा, तुझं डावं कुठलं?" हंसतळ्यात हंस एकही नव्हता. काळतळ्याचं पाणी खरंच काळं, कॉफीसारखं, आणि इतकं स्थिर की वल्ही घालायला जिवावर यावं. दोन्ही काठांचं रान त्यात उलटं उभं होतं. इर्यानं वल्ही वर घेतली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली.

"आई इथूनच गेली होती का गं?" तिनं हळूच विचारलं.

"इथूनच. तू, मी आणि ती."

त्यानंतर ती वही काढून काठांची चित्रं काढायला लागली. कुठं खडक, कुठं उतरायला जागा, कुठं गोड पाण्याचा झरा. आमचा नकाशा फार जुना आहे, कुणीतरी नवा करायला हवा, असं म्हणत.

वाटेत माणसं फारशी भेटली नाहीत. रस्ता झाल्यापासून सगळे बसनं जातात, ओंडके ट्रकवरून जातात, पाणी ज्याचं त्याला परत मिळालंय. जे भेटले ते सावो भागातले, आणि सावोचा माणूस सरळ उत्तर देईल तर त्याच्या घरचे वैद्य बोलावतील. काळतळ्याच्या शेवटच्या पाणवाटेवर एक म्हातारी कपडे धूत होती. मी विचारलं, "आजी, पुढं बेटतळंच ना?"

"पाणीबिणी आहे खरं पुढं."

"तिथं काठाला एखादं घर आहे का? होडीची खोप असलेलं?"

"असेलही. नसेलही. जे आहे ते तिथंच असणार, चालत तर जाणार नाही."

"फार उपकार झाले," मामा म्हणाला, आणि टोपी काढून इतका खाली वाकला की होडी कलंडायची राहिली.

बेटतळ्यात आम्ही दोन दिवस घातले. प्रत्येक खाडीत शिरलो, प्रत्येक टोकाला वळसा घातला. पूर्व काठाला एक घर दिसलं, खाली खोपही होती. वर गेलो तर तिथं एक जोडपं, लढाईनंतर बांधलेलं घर, चव्वेचाळीसच्या आधीची भिंत एकही नाही. त्यांनी कॉफी पाजली, पडावाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. दुसरं घर दिसलं त्यात नुसती कोळिष्टकं. आणि उत्तर टोकाला गेलो तर तळंच संपलं. देवनळ, दलदल, त्यापुढे झुडपं. पाणवाट नाहीच.

नळांच्या कडेला एक माणूस गळ टाकून बसला होता. मामानं विचारलं, "काय हो, तळं इथं संपतं का?"

"आता संपतं."

"आता म्हणजे?"

"म्हणजे आत्ता," तो म्हणाला आणि गळाकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी बेटावर चूल पेटवली तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांवर तापलेले. डासांनी फोडून काढलं होतं.

"नकाशात हे तळं याच्या दुप्पट आहे," मी म्हणाले.

"नकाशात आपलं गावही आहे अजून," मामा म्हणाला. "नकाशाचं काय घेऊन बसलीस?"

"ताई चुकीचं मोजत असेल," इर्या म्हणाली. "चार नसतील, तीन असतील. किंवा सहा. आणि ती बाई मेली असेल. सतरा वर्षं झाली. आईला बरं वाटावं म्हणून आपण निघालो, आणि आईला आता कसं बरं वाटणार आहे?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. ती रडली नाही. उठून काठाला गेली आणि एका मोठ्या खडकाला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं मी तिकडे जायला निघाले, तर मामानं मला थांबवलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्यामागच्या खडकाकडे बघत होता.

"इर्ये," तो ओरडला, "हलू नकोस. तुझ्या डोक्याच्या वर काय आहे?"

"काय असणार? दगड."

"दगडावर पट्टा दिसतोय की नाही? खाली पांढुरका, वर काळपट?"

होता. इर्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर खडकाचा रंग बदलत होता, दोरी धरून आखल्यासारखा. मग आम्ही बाकीचे खडक बघितले. सगळ्यांवर त्याच उंचीला तीच रेघ.

"मूर्ख मी," मामा म्हणाला. "तीस वर्षं पाण्यावर काढली आणि डोळे विकून खाल्ले. बांध होता इथं, खाली काळतळ्याच्या तोंडाला. ओंडके तरंगावेत म्हणून पाणी वर अडवायचे. ओंडके थांबले, बांध उघडला, आणि पाणी गेलं. पुरुषभराहून जास्त उतरलंय. पोरी, तुझं पाचवं तळं खरंच दुप्पट होतं. मधली उथळ कंबर उघडी पडली, आणि एकाची दोन झाली."

मी इर्याकडे बघितलं. गालावर माझी बोटं उमटली होती.

"म्हणजे ताईनं बरोबर मोजलं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दलदलीत शिरलो. नळांमधून एक ओहोळ येत होता, होडीहून जेमतेम रुंद. जिथं पाणी होतं तिथं काठीनं रेटत गेलो, नव्हतं तिथं उतरून ओढत. बूट चिखलात राहिले, ते हातानं उपसून काढले. मामानं झुडपं तोडून होडीखाली घातली आणि ओंडकेवाल्यांची जुनी हाळी द्यायला लागला. त्यातले शब्द दोन पोरींसमोर म्हणण्यासारखे नव्हते, पण होडी त्या शब्दांनीच हलली. दुपार उलटून गेल्यावर नळ संपले आणि समोर पाणी पसरलं. निळं, वाऱ्यानं चुरमडलेलं, आमच्या नकाशावरच्या तळ्याचं हरवलेलं अर्धं.

आम्ही पूर्व काठानं वर गेलो. उत्तरेला खरोखरच एक अरुंद पाणवाट दिसत होती. पण काठाला खोप नव्हती, घरही नव्हतं, नुसतं हिरवंगार कुरण वर चढत गेलेलं.

इर्या वल्ही मारता मारता थांबली. "मामा, कुरणाच्या मधोमध होडीची खोप कोण बांधतं?"

पाण्यापासून दीडशे-दोनशे पावलांवर, गवतात, एक करडी खोप उभी होती. दोन्ही बाजूंनी मोकळी, पुढे खांब रोवलेले, आणि आत होडीऐवजी गवत रचलेलं.

मी होडीतून पाण्यातच उडी मारली.

कुरणात एक बाई लाकडी दंताळ्यानं गवत गोळा करून खांबांवर वाळत घालत होती. पन्नाशीला टेकलेली, रुंद बांध्याची, डोक्याला पांढरा रुमाल. आम्हाला बघून तिनं दंताळं उभं धरलं.

"पाण्यावरून आलात?"

"हो," मी म्हणाले.

"आठ वर्षांत पाण्यावरून कुणी आलं नाही. टपालवालासुद्धा रस्त्यानं येतो."

मी वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. बाई माझ्याकडे वरून खाली बघत गेली आणि माझ्या पायांशी थांबली. मी गुडघ्यापर्यंत भिजलेली होते.

"तेव्हाही तुझे पाय ओलेच होते," ती म्हणाली. "यालमारीचे मोजे परत आणलेस का?"

मला एकदम आठवलं: राखाडी मोजे, पुरुषाचे, माझ्या मांडीपर्यंत येणारे. ते घालूनच मी पडावाकडे पळत सुटले होते. आठवणीच्या कुठल्या तळाशी गेले होते कोण जाणे. मी गवतात मटकन बसले आणि रडायला लागले, अगदी अकरा वर्षांच्या मुलीसारखी.

"मोज्यांसाठी एवढं रडू नकोस," ती म्हणाली. "मी दुसरे विणले."

इर्या माझ्यामागे उभी होती. "ती मी," ती कशीबशी म्हणाली. "ते पोर. मी."

बाईनं तिच्याकडे मान वळवली नाही.

"कळलं मला ते. होडीतून उतरलीस तेव्हाच कळलं. मी बघत नाहीये, कारण बघितलं तर मला उभं राहता येणार नाही. आधी घरी चला. पिरक्के आणलेत का? तुम्हा लोकांचे पिरक्के मी तेव्हा खाल्ले होते एक, शिळा, कडक. दात पडता पडता वाचला."

तिचं नाव हुल्दा. आईनं विचारलं नव्हतं ते नाव असं पहिल्या तासातच कळलं, किटली चुलीवर ठेवता ठेवता. आई गेल्याचं मी सांगितलं. हुल्दानं किटली खाली ठेवली आणि हात पुसले. "मला वाटायचं, ती पडावावरच गेली असेल," ती म्हणाली. "इतकी वाळली होती. सतरा वर्षं मिळाली म्हणजे तिला. बरं झालं. फार बरं झालं."

संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवली. मामा आणि हुल्दाचा नवरा यालमारी आधी जाऊन आले, मग आम्ही तिघी. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ छताला जाऊन पाठीवर उतरली. अशा अंधाऱ्या उबेत माणूस उघडंच असतं, बोलणंही तसंच निघतं.

"माझी मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली," हुल्दा म्हणाली. "केर्तू नाव ठेवलं होतं. सोमवारी तिला पुरलं. यालमारी आघाडीवर, त्याला पत्रसुद्धा पोचलं नव्हतं. गुरुवारी तुमचा पडाव आला. दूध थांबत नव्हतं माझं. सासू फडकी गुंडाळून छाती आवळायची, दगड झाले होते नुसते, अंगात कणकण होती. आणि दारात ही उभी. पाय ओले, हातात बारीक रडणारं गाठोडं. 'माझ्या बहिणीला दूध द्या' म्हणाली. जणू भांड्यातलं मागतेय. मी दार लावून घेतलं."

तिनं दगडांवर आणखी पाणी टाकलं.

"तुझ्या तोंडावर लावलं मी दार, हेल्मी. तुम्ही ऑर्थोडॉक्स, आम्ही लुथरन; सासू आतून म्हणत होती, परक्या देवाचं पोर आहे ते, आपण कशाला. पण सासूमुळे नाही लावलं. मला वाटलं, माझं नेलं आणि हे कुणाचं तरी माझ्या दारात आणून ठेवलं, ही काय थट्टा आहे? मी देवाला शिव्या देत दाराला पाठ लावून उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. मग ते रडणंही थांबत आलं. तेव्हा उघडलं. सतरा वर्षं मला ते बंद दार दिसतंय."

"मला दार उघडलेलंच आठवतंय," मी म्हणाले.

हुल्दानं अंधारात माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलतेस."

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि हातानं तोंड पुसलं. "तुम्ही आभार मानायला आलात. आता कुणी कुणाचे मानायचे, ते तुम्हीच सांगा. या पोरीनं तोंड लावलं आणि माझं दुखणं उतरलं. छातीतलं उतरलं, आणि जे छातीतलं नव्हतं तेही थोडं उतरलं. तोवर मी रडले नव्हते. तुमचा पडाव गेला त्या दिवशी रडले, आणि रडता आलं म्हणून जगले. सासूसुद्धा दुसऱ्या दिवशी तुझ्या आईसाठी दुधाची पेज घेऊन काठाला गेली, सांगते तुला. परक्या देवाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही."

इर्या उठली, बादलीत घासणी बुडवली, साबण घेतला आणि हुल्दाच्या मागे जाऊन बसली. तिची पाठ घासायला लागली, हळूहळू, मानेपासून.

"मला आभार वगैरे बोलता येत नाहीत," ती म्हणाली.

"नकोच बोलू. जरा खाली घास. तिथं माझा हात पोचत नाही."

मी डोळे मिटून बसले. सतरा वर्षांत अंगातला इतका शीण एका दमात कधी गेला नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा मी पंचा काढून दिला. हुल्दानं आधी दोन्ही हात एप्रनला पुसले, मग तो उलगडला. लाल पक्ष्यांवरून तिनं बोट फिरवलं, प्रत्येक टाका मोजावा तसं. यालमारी तोवर शब्दही बोलला नव्हता. उंच, वाकलेला माणूस, एक कान लढाईत बहिरा झालेला. तो पंच्याकडे बघत म्हणाला, "मला राग होता."

"आता ते कशाला?" हुल्दा म्हणाली.

"सांगू दे. नोव्हेंबरात मी घरी आलो. हिनं एकाच दमात दोन्ही सांगितलं: आपली गेली, आणि मी दुसऱ्याची तीन दिवस पाजली. मी म्हटलं, त्यातलं दुसरं मला पुन्हा सांगू नकोस. दोन वर्षं मी ऐकून घेतलं नाही. मग कधीतरी मी मोजायला लागलो. आपली असती तर आता चालली असती, आता शाळेत गेली असती. आणि आपली मोजता मोजता ती दुसरी आपोआप मोजली जायची, एकाच वयाच्या म्हणून. मग पहिलीचं वय मोजताना कमी दुखायला लागलं. यंदा ईस्टरला मी म्हणालो, आता सतरा. विचार हिला."

"म्हणाला खरा," हुल्दा म्हणाली.

इर्यानं त्याच्याकडे बघितलं. "ऑगस्टमध्ये सतरा पूर्ण," ती म्हणाली. "तुम्ही थोडी घाई केलीत."

यालमारी हसला. हुल्दा त्याच्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, ते हसू तिनंही बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं.

आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी हुल्दाला होडीत बसवून पाणवाटेपलीकडच्या चर्चला नेलं, केर्तूच्या थडग्यावर. पाणी उतरल्यापासून ती होडीत बसली नव्हती. दोन्ही हातांनी कडा धरून बसली आणि तरीही इर्याला वल्ही कशी धरायची ते शिकवत राहिली. थडग्यावर एवढासा लाकडी क्रूस. इर्यानं भोवतालचं गवत उपटलं, आणि काठावरून आणलेले गोल दगड कडेनं मांडले. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या सकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, यालमारीकाकांचा खांदा वर होत नाही. एवढं कुरण दोघांनी कधी कापायचं?"

"आपलंही गवत उभं आहे, इर्ये."

"तुला मामा आहे."

"मामाला आठ बोटं आहेत," मामा होडीतून ओरडला, "पण ती दहांचं काम करतात. राहू दे तिला."

म्हणून आम्ही दोघंच परतलो. होडी मात्र येतानापेक्षा जड झाली होती. हुल्दानं लोण्याचा डबा, धुरावलेले मासे, नवे बटाटे आणि एक जिवंत कोंबडी आमच्या विरोधाला न जुमानता चढवली होती. दलदलीत होडी ओढताना कोंबडी फडफडायची आणि मामा म्हणायचा, "आभार मानायला निघालो आणि बाजार करून आलो. पुढच्या वेळी गाडी आणावी लागेल." पण ओढता ओढता तो मधेच थांबला आणि म्हणाला, "तुम्ही या काठाला लागलात ते नशीबच, नाही का गं? इंजिन दोन मैल अलीकडे बंद पडलं असतं तर?"

ते इंजिन बिघडलं म्हणून सगळे किती चिडले होते ते मला आठवत होतं. मी चिखलात उभ्या उभ्याच, आमच्या रिवाजाप्रमाणे, क्रूसाची खूण केली.

इर्या तीन आठवड्यांनी बसनं घरी आली. हात रापलेले, तळव्यांना घट्टे, आणि वहीत आमच्या सहा तळ्यांचा नकाशा, शाईनं पक्का केलेला. पुढे ती नर्सिंग शिकायला शहरात गेली, पण दर उन्हाळ्यात गवताचे दिवस तिनं तिकडेच काढले.

दुसऱ्या वर्षी हुल्दा आणि यालमारी आमच्याकडे आले. बस होती, तरी हुल्दानं हट्ट धरला की पाण्यावरूनच जायचं. दलदलीतली वाट मामानं आणि यालमारीनं वसंतात मिळून तोडून ठेवली होती. हुल्दानं घरात पाऊल टाकायच्या आधी विचारलं, "तुझी आई कुठंय?"

मी तिला चर्चच्या मागे नेलं. तिनं मला फाटकाशी थांबायला सांगितलं. ती गुडघ्यांवर बसली, आणि बोलायला लागली. शब्द मला ऐकू येत नव्हते, पण ती खूप बोलली, मधे एकदा हसलीही. अर्ध्या तासानं उठून आली तेव्हा परकराला दोन्ही गुडघ्यांवर माती होती. ती झटकायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"झालं?" मी विचारलं.

"आजच्यापुरतं झालं," हुल्दा म्हणाली. "चल, आता मला कॉफी हवी."